नांदेड ते अमृतसर : अंतर किती, वेळ किती?

नांदेडहून अमृतसर किती लांब, असं विचारलं तर दोन उत्तरं मिळतात आणि दोन्ही बरोबर असतात. सचखंड एक्सप्रेसने जाणारा दोन हजार किलोमीटरच्या वर सांगेल. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलं तर साधारण चौदाशे भरतात. वरचे सहाशे किलोमीटर रुळांच्या वळणात आहेत. नांदेड आणि दिल्ली जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. म्हणजे दिल्ली आपल्या थेट उत्तरेला. गाडी मात्र परभणी, जालना, संभाजीनगर करत आधी पश्चिमेला मनमाड गाठते आणि तिथून भुसावळ, इटारसी, भोपाळकडे वळते. आज सकाळी बसलेला माणूस उद्या रात्री अमृतसरला उतरतो.

विमानाला हा वळसा नाही. गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या वेळी, २००८ साली, नांदेडचा विमानतळ नव्याने उभा राहिला. डिसेंबर २०१७ मध्ये एअर इंडियाचं थेट अमृतसरचं विमानही सुरू झालं. आता चौदाशेला ताशी आठशेने भागलं, की पावणेदोन तास येतात. पण एवढ्या अंतराला वेळापत्रकात दोन तासांच्या वरच वेळ धरलेला असतो. ही काही कंपनीची लबाडी नव्हे. वेळापत्रकातला वेळ विमान जागचं हलल्यापासून ते पोहोचून उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, चढणं-उतरणं आलं. आठशेचा वेग मिळतो तो वर, दहा-अकरा किलोमीटर उंचीवर. तिथे हिवाळ्यात पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. उत्तरेला जाणाऱ्या विमानाला तो कुशीवर घ्यावा लागतो, म्हणून नाक थोडं पश्चिमेकडे वळवून उडावं लागतं. याच वाऱ्यांमुळे मुंबईहून न्यूयॉर्कला जायला जास्त वेळ लागतो आणि यायला कमी.

वाटेत थांबा असला तर हिशेब आणखी बदलतो. २०२४ साली नांदेडहून जालंधरजवळच्या आदमपूरला विमान सुरू झालं, ते दिल्लीशेजारच्या हिंडनला उतरून. अंतर फारसं वाढलं नाही, कारण हिंडन वाटेवरच आहे. पण एक उतरणं, एक थांबणं आणि पुन्हा एक चढणं वाढलं.

लातूरकरांचं गणित निराळंच. लातूर आणि नांदेड विमानतळांमध्ये सरळ रेषेत जेमतेम सव्वाशे किलोमीटर. एवढ्यासाठी जेट उडवलं तर ते पुरतं वर चढण्याआधीच उतरायला लागेल. म्हणून हा तुकडा मोटारीचाच, अडीच-तीन तासांचा. त्यात विमानाच्या दीड-दोन तास आधी पोहोचणं धरा. हवेतल्या वेळेपेक्षा जमिनीवरचाच वेळ जास्त होतो.

तरीही हा हिशेब क्षुल्लक नाही. आपल्या भागातली कितीतरी मुलं फौजेत आहेत. पंजाबात नेमणूक असलेल्या जवानाला दहा दिवसांची सुट्टी मिळाली, तर रेल्वेच्या जाण्यायेण्यात त्यातले तीन दिवस जातात. विमान असलं तर दोन दिवस आईजवळ जास्त राहता येतं.

फक्त डिसेंबर-जानेवारीत अमृतसरला दाट धुकं पडतं आणि सकाळची विमानं दुपारवर जातात. त्या दिवसांत हजर होण्याच्या तारखेच्या आदल्या दिवशीचंच तिकीट काढावं, असं मी कुणालाही सांगेन.