हुशार कोण, ते ठरवायचं कुणी?

सर फळ्यावर गणित लिहीत असतात. ते लिहून होण्याआधीच मागच्या बाकावरून उत्तर येतं. सर म्हणतात, "गप्प बस, बाकीच्यांना करू दे." तो गप्प बसतो. मग पाच मिनिटांनी शेजाऱ्याच्या वहीत सरांचंच चित्र काढताना सापडतो आणि बोलणी खातो. दोस्तांनो, असा एखादा नमुना तुमच्या वर्गात आहे का, जरा आठवून बघा. कदाचित तो तुम्हीच असाल!

आपल्याकडे हुशार म्हणजे पहिल्या पाचांत येणारा, अक्षर मोत्यासारखं असणारा, त्रास न देणारा. यात पुष्कळ हुशार मुलं येतात, हे खरं. पण काही अगदी सहज निसटतात. कंटाळलेली निसटतात, भांडखोर निसटतात, आणि सगळ्यांत जास्त निसटतात ती न बोलणारी.

मग ती शोधायची कशी? फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि त्याचा सहकारी सिमाँ यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची पहिली चाचणी बनवली. गंमत अशी, की ती हुशार मुलं निवडायला नव्हतीच. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून मदत करता यावी, यासाठी होती. पुढे ती जगभर गेली आणि तिचा उपयोग पार उलटा झाला.

आपल्या भागाशी तिचा जवळचा संबंध आहे, बरं का! डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बेतली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झालं. नुसतं भाषांतर करून का भागलं नसतं? कारण पॅरिसच्या पोराला रोज दिसणारी वस्तू आपल्याकडच्या पोराने कधी पाहिलेलीच नसते. मग त्याला उत्तर आलं नाही, तर तो मठ्ठ की प्रश्न मठ्ठ?

सोलापूरकरांना हे समजावून सांगायला नको. इथे एका रस्त्यावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू कानांवर पडते. पूर्व भागातली एखादी मुलगी घरी तेलुगू बोलते, शाळेत मराठी वाचते. घरी आल्यावर ती आईला विड्या वळायला मदत करते किंवा यंत्रमागासाठी कांड्या भरते. तिच्यापुढे मराठी म्हणींवरचा प्रश्न ठेवला आणि ती अडखळली, तर आपण मोजलं काय? तिची बुद्धी, की तिच्या घरची भाषा?

यावर एक उपाय इंग्लंडच्या जॉन रेव्हनने काढला. त्याच्या चाचणीत शब्दच नाहीत. एक नक्षी असते, तिचा एक तुकडा गायब असतो आणि खालच्या तुकड्यांतला नेमका कोणता तिथे बसेल, ते ओळखायचं. सोलापुरी चादरीचा कोपरा कापला आणि कापलेला तुकडा शोधायला सांगितलं, तसंच! मागावरची नक्षी पाहत वाढलेलं पोर यात कुणाला हार जाईल असं मला तरी वाटत नाही.

तरीही चाचणी म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. अमेरिकेत लुइस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली सुरू केलेल्या पाहणीत सुमारे दीड हजार अतिहुशार मुलं निवडली आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला. त्या निवडीत दोन मुलांना गुण कमी पडले, म्हणून ती वगळली गेली. त्यांची नावं विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ. पहिल्याला १९५६ साली आणि दुसऱ्याला १९६८ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्या दीड हजारांपैकी मात्र एकालाही नोबेल मिळालं नाही!

महाराष्ट्रातल्या घराघरांत माहीत असलेली चाळणी म्हणजे स्कॉलरशिपची परीक्षा. ती वर्षानुवर्षं चौथी-सातवीला होती, २०१७ साली पाचवी-आठवीला झाली. वर्ग बदलले, पण भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी यांची तयारी काही सुटली नाही. माझं स्पष्ट मत सांगू? बुद्धिमत्तेचे प्रश्न शंभर वेळा सोडवून घेतले, की ते बुद्धिमत्तेचे राहत नाहीत, सरावाचे होतात. आणि कांड्या भरणाऱ्या मुलीला जादा तासाला बसायला वेळ कुठला?

एक वेगळा प्रयोग पुण्यात झाला. डॉ. वि. वि. उर्फ आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. बुद्धिमान मुलांना ओळखायचं, त्यांना झेपेल एवढं अवघड काम द्यायचं आणि ती बुद्धी समाजाच्या कामी आणायची, हा त्यांचा ध्यास. १९६९ साली तिथे प्रशाला उभी राहिली. पुढे सोलापुरातही प्रबोधिनीचं केंद्र आणि शाळा झाली. इथल्या मानसशास्त्रज्ञांनी गिलफर्ड या अमेरिकन संशोधकाच्या सिद्धान्तावर पुष्कळ काम केलं. गिलफर्डचं म्हणणं, बुद्धी ही एकच गोष्ट नाही, तिला अनेक पैलू आहेत. 'विटेचे उपयोग सांगा' असा प्रश्न घ्या. कुणी 'भिंत बांधायला' एवढंच सांगेल. कुणी दाराला अडसर, चुलीचा दगड, पाटाखालचं उचलण, पंढरपूरच्या विठोबाला उभं राहायला, असं सांगतच सुटेल. या दुसऱ्याला नेहमीच्या परीक्षेत काडीचे गुण मिळत नाहीत.

सरकारनेही एक वाट काढली, नवोदय विद्यालयांची. १९८५-८६ साली प्रयोग म्हणून देशात पहिली दोन सुरू झाली, त्यांतलं एक आपल्या अमरावतीत. सोलापूर जिल्ह्याचं नवोदय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे. पाचवीत असताना परीक्षा द्यायची, ती मराठीतूनही देता येते. निवड झाली, की सहावीपासून राहणं, जेवण, पुस्तकं सगळं तिथेच. निदान पंचाहत्तर टक्के जागा खेड्यांतल्या मुलांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी असतात. ही अट मला फार मोलाची वाटते. ती नसती, तर शहरातल्या शिकवण्यांनीच जागा भरून काढल्या असत्या.

पण सगळ्यांनाच पोखरापूर किंवा प्रबोधिनी मिळणार नाही. बाकीच्यांचं काय? त्यांना साध्या शाळेत, साध्या वर्गातच वाढायचंय. तिथे लवकर गणित संपवणाऱ्याला बहुधा काय मिळतं? तशीच आणखी वीस गणितं! हे म्हणजे भराभर जेवणाऱ्याला बक्षीस म्हणून पुन्हा तीच भाजी वाढणं. त्याला जास्त नको असतं, खोल हवं असतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही अशा मुलांसाठी शाळांमधून गणित, विज्ञान वगैरे विषयांची मंडळं असावीत, असं सुचवलंय. तुमच्या शाळेत नसेल, तर चार जण मिळून सरांच्या किंवा बाईंच्या मागे लागा. त्याला खोली आणि खडू यापलीकडे फारसं काही लागत नाही.

पहिल्या दिवसासाठी गणित मी देतो. नाशिकजवळच्या देवळालीला द. रा. कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. १९४९ साली त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट शोधली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने मांडा, ५४३२. मग चढत्या क्रमाने, २३४५. वजाबाकी करा, ३०८७. आता हिचेच अंक घेऊन पुन्हा तेच. ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८. आले ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४च येत राहणार!

तुमच्या आवडीच्या संख्येवर करून पाहा. उत्तर तीन अंकी आलं, तर डावीकडे शून्य ठेवून चार अंक करायचे. सातपेक्षा जास्त पायऱ्या लागल्या, तर कुठेतरी वजाबाकी चुकलीय असं समजा. जमलं, की तीन अंकी संख्यांवर हाच खेळ खेळा. तिथे कोणती संख्या अडून बसते, आणि दोन अंकी संख्यांवर मात्र हा खेळ का फसतो, ते मी सांगणार नाही.