आणीबाणी संपली, हे कोण सांगणार?

(५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

मंगळवारी कॅनडा डे झाला, काल अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन झाला. ऐकणाऱ्यांपैकी काही जण सीमेच्या इकडे राहतात, काही पलीकडे, आणि बरेच जण भारतातून ऐकताहेत. म्हणून आजचा विषयही मी तिन्हीकडचा घेतलाय.

टॅरिफच्या बातम्या तुम्ही रोज वाचता. लावलं, पुढे ढकललं, पुन्हा लावलं. कॅनडा एक्कावन्नावं राज्य होणार का, यावरही भरपूर बोलून झालंय. ते मी परत सांगत बसत नाही. पण या सगळ्या बातम्यांच्या तळाशी एक शब्द आहे, आणि तो वाचून आपण सरळ पुढे जातो. तो शब्द म्हणजे आणीबाणी.

आपल्या वयाच्या मराठी माणसाला या शब्दासाठी शब्दकोश लागत नाही. दहा दिवसांपूर्वीच, २५ जूनला, भारतातल्या आणीबाणीला पन्नास वर्षं झाली. मी तेव्हा पुण्यात एम.ए. करत होतो. माझे वडील सरकारी कचेरीत होते. अतिशय सरळ माणूस. पहिल्या महिन्यात ते म्हणायचे, "लोक वेळेवर कामावर यायला लागलेत, यात वाईट काय आहे?" मी तावातावाने वाद घालायचो. सहा-आठ महिन्यांनी त्यांच्या ओळखीतले एक शिक्षक अजून तुरुंगातच होते. तेव्हा एकदा जेवताना ते म्हणाले, "हे किती दिवस चालायचं, ते कुणाला विचारायचं?" त्याचं उत्तर ना त्यांच्याकडे होतं, ना माझ्याकडे. पुढे मी आयुष्यभर राजकीय तत्त्वज्ञान शिकवलं, पण प्रश्न वडिलांनी विचारला तोच राहिला. आज त्याच प्रश्नाने अमेरिका आणि कॅनडाकडे बघू या.

आधी अमेरिका. १ फेब्रुवारी २०२५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कॅनडाच्या सीमेसंदर्भात राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. कारण काय? तर फेंटानिल हे अमली द्रव्य. आणि उपाय काय? तर कॅनडातून येणाऱ्या मालावर २५ टक्के आयात शुल्क, आणि तेल, वायू, वीज यांवर १० टक्के. आता फेंटानिलने अमेरिकेत माणसं मरतात, हे अगदी खरं आहे. त्याची थट्टा करू नये. पण आकडा बघा. २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या उत्तर सीमेवर पकडलेलं फेंटानिल होतं ४३ पौंड, म्हणजे साधारण साडेएकोणीस किलो. दक्षिण सीमेवर पकडलेलं होतं सुमारे २१ हजार पौंड.

मग शुल्क लावायला आणीबाणी कशाला लागली? कारण अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे आयात शुल्क लावण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांचा नाहीच, तो काँग्रेसचा, म्हणजे त्यांच्या संसदेचा आहे. संसदेने काही कायद्यांनी त्यातला थोडाथोडा अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिलाय, पण त्यांत चौकशी, मुदत, मर्यादा अशा अटी आहेत. १९७७ च्या आर्थिक आणीबाणीच्या कायद्यात मात्र कामं झटपट होतात. संकट जाहीर करायचं आणि सही करायची. गंमत अशी, की या कायद्यात आयात शुल्क हा शब्दच नाही. आयातीचं 'नियमन' करता येईल, एवढंच म्हटलंय.

आणखी गंमत म्हणजे हे कायदे राष्ट्राध्यक्षांना आवरण्यासाठीच आले होते. व्हिएतनाम, निक्सन, वॉटरगेट हे सगळं झाल्यावर अमेरिकन संसदेच्या लक्षात आलं, की जुन्या आणीबाण्या कुणी उठवल्याच नाहीत, वर्षानुवर्षं त्या तशाच चालू आहेत. म्हणून १९७६ चा राष्ट्रीय आणीबाणी कायदा आला. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला की आणीबाणी संपली, राष्ट्राध्यक्षांच्या सहीची गरज नाही, अशी त्यात तरतूद होती. पण १९८३ साली सुप्रीम कोर्टाने एका वेगळ्याच खटल्यात सांगितलं, की राष्ट्राध्यक्षांकडे न पाठवता असे ठराव करणं घटनेत बसत नाही. मग १९८५ मध्ये तरतूद बदलली. आता ठराव राष्ट्राध्यक्षांकडे सहीला जातो. म्हणजे ज्याने आणीबाणी लावली, त्यालाच विचारायचं, "साहेब, उठवू का?" तो नाही म्हणाला, तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत. २०१९ मध्ये सीमेवरच्या भिंतीच्या बाबतीत नेमकं हेच झालं. संसदेने आणीबाणी संपवायचा ठराव केला, ट्रम्प यांनी व्हेटो वापरला, आणि दोन तृतीयांश मतं काही जमली नाहीत. इराणसंबंधी कार्टर यांनी १९७९ मध्ये लावलेली आणीबाणी दर वर्षी नव्याने वाढवली जाते. ती आजही चालू आहे.

आता यंदाची गोष्ट ऐका. कायदा म्हणतो, की आणीबाणी संपवण्याचा ठराव आला, तर समितीने तो पंधरा दिवसांत सभागृहापुढे आणलाच पाहिजे. दाबून ठेवता येत नाही. प्रतिनिधिगृहातल्या बहुमतवाल्यांनी ११ मार्चला यावर तोडगा काढला. त्यांनी नियमच मंजूर करून घेतला, की १ फेब्रुवारीच्या या आणीबाणीपुरता, अधिवेशनाचा उरलेला एकही दिवस हा 'दिवस' म्हणून मोजायचा नाही. (हशा) तुम्ही हसताय, पण हे कागदावर आहे. सूर्य उगवतो, मावळतो, माणसं कामाला जातात, पण दिवस होत नाही. मी इतकी वर्षं तर्कशास्त्र शिकवलं, असं विधान एखाद्या विद्यार्थ्याने लिहिलं असतं तर मी लाल शाईने गोल केला असता. २ एप्रिलला सिनेटने कॅनडाविषयीची आणीबाणी संपवण्याचा ठराव ५१ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर केला. चार रिपब्लिकनही बाजूने होते. प्रतिनिधिगृहात तो पुढे सरकला नाही. सरकणार कसा? तिथे दिवसच उगवत नव्हता.

राहता राहिलं न्यायालय. वाइन आयात करणारी न्यूयॉर्कची एक छोटी कंपनी आणि आणखी चार लहान व्यावसायिक कोर्टात गेले, बारा राज्यंही गेली. २८ मे रोजी आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी एकमताने ही शुल्कं बेकायदा ठरवली. तिघांतला एक रेगन यांनी नेमलेला, एक ओबामांनी आणि एक खुद्द ट्रम्प यांनी. त्यांचा एक मुद्दा मला फार आवडला. कायदा म्हणतो, की हे अधिकार संकटाला तोंड देण्यासाठीच वापरायचे. कॅनडाच्या लाकडावर कर लावून फेंटानिलला तोंड दिलं जात नाही, फक्त कॅनडावर दबाव येतो. दबाव आणणं आणि संकटाला तोंड देणं, या दोन गोष्टी एक नव्हेत. या निकालाला वरच्या न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी तात्पुरती स्थगिती दिली. सुनावणी या महिनाअखेर आहे. तोपर्यंत शुल्क चालू.

आता थोडं तत्त्वज्ञान. प्राचीन रोममध्ये संकटकाळी एका माणसाच्या हाती सगळी सत्ता द्यायची पद्धत होती. त्याला म्हणायचे डिक्टेटर. तेव्हा ती शिवी नव्हती, ते पद होतं, आणि त्याची कमाल मुदत होती सहा महिने. सिनसिनाटसची कथा सांगतात, की तो शेतावरून आला, लढाई जिंकली आणि सोळाव्या दिवशी सत्ता सोडून परत नांगराला लागला. पुढे सीझरने हेच पद तहहयात करून घेतलं आणि प्रजासत्ताक गेलं. बघा, पदाचं नाव बदललं नाही, फक्त मुदत गेली.

जॉन लॉक हा उदारमतवादाचा आद्य पुरुष. तोसुद्धा म्हणतो, की लोकहितासाठी राजाला कधी कायद्याबाहेर, क्वचित कायद्याविरुद्धही जावं लागेल. घर जळत असताना शेजारचं घर पाडावं लागलं, तर परवानगीचे कागद मागत बसणार का? म्हणजे आणीबाणी ही कल्पनाच वाईट आहे, असं कुणी शहाणा माणूस म्हणत नाही. दुसऱ्या टोकाला जर्मनीचा कार्ल श्मिट. त्याने १९२२ मध्ये मांडलं, की अपवाद कधी करायचा हे जो ठरवतो, तोच खरा सार्वभौम. पुढे तो नाझी पक्षात गेला, हेही विसरू नका. पण त्याचं निदान उपयोगी आहे. मी त्यात एवढीच दुरुस्ती करेन, की आणीबाणी कोण लावतो यापेक्षा ती कोण उठवू शकतो, हे बघा. घर पेटलंय हे खरं असू शकतं. पण विझलं हे सांगायचा अधिकार फक्त शेजारचं घर पाडणाऱ्यालाच असेल, तर आग कधी विझायचीच नाही.

आता कॅनडा. आपण इथे राहणारे लोक जरा सोवळ्यात असतो, की हे सगळं पलीकडचं, आपलं तसं नाही. मंडळी, तसं नाही बरं. १९१४ च्या युद्धकालीन कायद्याखाली दुसऱ्या महायुद्धात वीस हजारांहून जास्त जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवलं, त्यांची घरं, बोटी विकून टाकल्या. त्यांतले बहुतेक कॅनडाचेच नागरिक होते. ऑक्टोबर १९७० मध्ये क्वेबेकमधल्या अपहरणांनंतर पिअर ट्रुडो यांनी तोच कायदा शांततेच्या काळात वापरला. साडेचारशेहून जास्त लोकांना पकडलं, आणि बहुतेकांना काहीही आरोप न ठेवता सोडलं.

या अनुभवातून १९८८ साली नवा कायदा आला. त्याच वर्षी जपानी कॅनेडियनांची संसदेत माफी मागितली गेली. या नव्या कायद्यात शेवट आधीच लिहिलेला आहे. सार्वजनिक सुव्यवस्थेची आणीबाणी तीस दिवसांनी आपोआप संपते. दोन्ही सभागृहांची मान्यता लागते, एकाने नाकारली तरी ती रद्द होते. आणि संपल्यावर साठ दिवसांत चौकशी सुरू करावीच लागते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये, ट्रकवाल्यांनी ओटावा अडवून धरल्यावर, जस्टिन ट्रुडो यांनी हा कायदा पहिल्यांदा वापरला. १४ तारखेला लावला, २३ ला उठवला. मधल्या काळात दोनशेहून अधिक बँक खाती गोठवली गेली. चौकशी आयोगाने सरकारचा निर्णय मान्य केला. पण जानेवारी २०२४ मध्ये फेडरल कोर्टाचे न्यायमूर्ती मोझली यांनी तो अवाजवी आणि हक्कांचा भंग करणारा ठरवला. त्यांनी प्रांजळपणे लिहिलंय, की सुरुवातीला आपला कल सरकारच्या बाजूने होता, आणि आपण त्या वेळी निर्णय घेणाऱ्यांत असतो, तर कदाचित हेच केलं असतं. तरी कायद्याची पायरी ओलांडलेली नव्हती ती नव्हती. सरकार अपिलात गेलंय.

इथे मलाही एक कबुली द्यायची आहे. खाती गोठवली, हे ऐकून त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. त्या भोंग्यांचा राग होता, त्यांची मतं पटत नव्हती. मी हिला म्हणालो, "बरं झालं, असंच पाहिजे यांना." आणि ऐकता ऐकता लक्षात आलं, की हा आवाज तर वडिलांचा आहे. लोक वेळेवर येतायत, यात वाईट काय? आपल्याला न आवडणाऱ्या माणसावर आणीबाणी आली, की ती शिस्त वाटते.

म्हणून अगदी ताजी गोष्टही याच नजरेने बघा. पंतप्रधान कार्नी अमेरिकेच्या दबावाला उत्तर देताहेत. मी त्यांच्या बाजूचा आहे, लपवत नाही. त्यांच्या सरकारने राष्ट्रहिताच्या मोठ्या प्रकल्पांचा कायदा ६ जूनला मांडला, कॉन्झर्वेटिव्ह पक्षानेही साथ दिली, आणि २६ जूनला तो लागूसुद्धा झाला. वीस दिवसांत. मंत्रिमंडळाने एखादा प्रकल्प राष्ट्रहिताचा ठरवला, की इतर काही कायद्यांच्या अटी त्याच्यापुरत्या बाजूला ठेवता येतात. आदिवासी राष्ट्रांचे अनेक नेते म्हणताहेत, की आम्हाला पुरेसं विचारलंच नाही. यात आणीबाणी हा शब्द कुठेही नाही. पण 'वेळ नाही, संकट मोठं आहे' हा सूर ओळखीचा आहे. पाच वर्षांची मुदत घातलीय, ही जमेची बाजू. पाच वर्षांनी आपण लक्ष ठेवून असू का, हा प्रश्न आपला.

भारतानेही धडा घेतला होता. १९७५ साली 'अंतर्गत अशांतता' एवढं कारण पुरलं. रात्री राष्ट्रपतींची सही झाली, मंत्रिमंडळाला सकाळी कळलं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने त्या जागी 'सशस्त्र बंड' हे शब्द आणले, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला, दर सहा महिन्यांनी संसदेची मान्यता घ्यायला लावली. आणि लोकसभेला साध्या बहुमताने आणीबाणी उठवण्याचा अधिकार दिला. अमेरिकेच्या संसदेकडे आज नेमकं हेच नाही.

तेव्हा उद्या कुठल्याही देशाची अशी बातमी वाचाल, तेव्हा संकट खरं की खोटं यावर लगेच भांडू नका. आधी विचारा, हे आपोआप संपण्याची तारीख कोणती? ज्याने लावलं, त्याच्याशिवाय दुसरं कोण हे उठवू शकतं? आणि संपल्यावर हिशेब कोण घेणार? आपल्या आवडत्या पुढाऱ्याच्या बाबतीत तर हे आधी विचारा, कारण तिथेच आपण विचारायचं विसरतो.

वडिलांना मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. आज एवढं सांगता आलं असतं, की कुणाला विचारायचं ते कायद्यात आधीच लिहून ठेवावं लागतं. संकट आल्यावर ते लिहायला कुणी थांबत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.