१८ कोटी लिटरांत एक आजारी माणूस

२००१ साली मुंबईत पोलिओचा एकच रुग्ण नोंदला गेला. त्याच वर्षी शहरातल्या तीन झोपडवस्त्यांच्या सांडपाण्याचे १३७ नमुने तपासले गेले. त्यांतल्या ३५ नमुन्यांत पहिल्या प्रकारचा जंगली पोलिओ विषाणू निघाला आणि एकात तिसऱ्या प्रकारचा. म्हणजे दवाखान्यात एकदा दिसलेला रोग गटारात छत्तीस वेळा दिसला. वर, गटाराने तो तीन महिने आधी दाखवला होता.

हे काम परळच्या एन्टेरोव्हायरस रिसर्च सेंटरचं. डॉ. जगदीश देशपांडे आणि त्यांचे सहकारी दर आठवड्याला या वस्त्यांमधून मैलापाणी आणून तपासत होते. विषाणूंचा जनुकीय वंश लावला तेव्हा कळलं, की हे मुंबईतले जुने पोलिओ विषाणू नाहीतच. त्यांचं गोत्र उत्तर प्रदेशातलं. कुणाच्या तरी पोटात बसून, तिकीट न काढता, ते मुंबईला आले होते. ज्याच्या पोटातून आले त्याला बहुधा पत्ताही नसेल, कारण पोलिओची लागण झालेल्या साधारण २०० जणांपैकी एकाचेच हातपाय लुळे पडतात. उरलेले १९९ जण हिंडतात-फिरतात, जेवतात आणि संडासला जातात. गटाराला दिसतात ते हे १९९.

आता ‘गटार’ म्हणजे केवढं, ते पाहू. महापालिकेने मैलापाण्याची जी मोठी नवी प्रक्रिया केंद्रं उभारायला घेतली, त्यांतली उपनगरांतली चार घेऊ. अंधेरीकडच्या पट्ट्यासाठी वर्सोवा, बोरिवलीकडच्या पट्ट्यासाठी मालाड, मुलुंडसाठी भांडुप आणि घाटकोपरसाठी घाटकोपर. त्यांची रोजची क्षमता अनुक्रमे १८ कोटी, ४५.४ कोटी, २१.५ कोटी आणि ३३.७ कोटी लिटर. बेरीज ११८.६ कोटी लिटर. आपल्या नॅशनल पार्कातल्या तुळशी तलावात ८०४.६ कोटी लिटर पाणी मावतं. पावसाळ्यात ‘तुळशी भरला’ ही पहिल्या पानावरची बातमी असते. ही चार केंद्रं पूर्ण क्षमतेने चालली आणि त्यांचं पाणी तुळशीत सोडलं, तर रिकामा तलाव सातव्या दिवशी भरून वाहू लागेल. कल्पना किळसवाणी आहे खरी, पण प्रमाण डोळ्यांपुढे उभं राहतं.

तपासणीसाठी या समुद्रातून घेतात किती? पोलिओसाठी पहाटेच्या गर्दीच्या वेळी, म्हणजे सगळं शहर एकाच कामाला लागलेलं असताना, अर्धा ते एक लिटर. मग ते आटवून, गाळून काही मिलिलिटरवर आणतात आणि पेशींच्या थरावर सोडतात. विषाणू असला तर पेशी मरतात.

अर्ध्या लिटरला १८ कोटी लिटरांची गोष्ट कशी कळते? पोलिओची लागण झालेला एक माणूस दिवसाला १ कोटीपर्यंत संसर्गक्षम विषाणू बाहेर टाकतो आणि तेही कित्येक आठवडे. हे १ कोटी विषाणू वर्सोव्याच्या १८ कोटी लिटरांत मिसळले, तर १८ लिटरमागे एक विषाणू पडतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीत तो सापडायची शक्यता ३६ मध्ये एक. म्हणजे अंधेरीच्या पट्ट्यात एकाच वेळी ३६ जण बाधित असले, तर बाटलीत सरासरी एक विषाणू यायला लागतो. हा हिशेब कागदावरचा. गटारातून जाताना काही विषाणू मरतात, काही गाळात बसतात, काही प्रयोगशाळेत हातचे निसटतात. तरीही बाटलीला लागणारे ३६ आणि एका लुळ्या रुग्णामागचे २०० यांतलं अंतर विसरण्यासारखं नाही. गटार रुग्णालयाच्या आधी का बोलतं, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

कागदावरचा हिशेब फिनलंडमध्ये प्रत्यक्षात करून पाहिला गेला. हेलसिंकीत संशोधकांनी प्रक्रिया केंद्रापासून २० किलोमीटर दूर, गटारात फक्त २५ मिलिलिटर विषाणूद्रव ओतला. त्या केंद्रावर ७ लाख ४० हजार लोकांचं मैलापाणी येत होतं. खालच्या टोकाला तो विषाणू पुढचे चार दिवस सापडत राहिला. २५ मिलिलिटर म्हणजे खोकल्याच्या औषधाचे पाच चमचे.

करोना आला तेव्हा हेच परळचं केंद्र पुन्हा गटाराकडे वळलं. १६ मार्च २०२० पूर्वी घेतलेल्या मुंबईच्या मैलापाण्यात करोनाचा मागमूस नव्हता. मे महिन्यात सहा वॉर्डांमधून नमुने घेतले आणि सहाही वॉर्डांत विषाणूचं जनुकीय द्रव्य निघालं. इथे पेशी वाढवायची गरज नव्हती, पीसीआर पुरेसं होतं. पीसीआरमध्ये दर फेरीला जनुकाचा तुकडा दुप्पट होतो. दहा फेऱ्यांत एकाचे १,०२४, वीस फेऱ्यांत १० लाखांवर, तीस फेऱ्यांत १०७ कोटी आणि चाळीस फेऱ्या झाल्या की सुमारे १ लाख १० हजार कोटी. नमुना यंत्रात ठेवून कॅन्टीनमध्ये निवांत जेवून यावं, तेवढ्यात एका तुकड्याचं हे होतं.

इथवर सगळं शहराच्या मापाने झालं. पण ज्यांना साथीचा सगळ्यात मोठा फटका बसतो त्या म्हाताऱ्या माणसांच्या उपयोगाचं यात फार थोडं आहे. ‘अंधेरीच्या मैलापाण्यात विषाणू वाढला’ हे कळून तिथल्या एखाद्या वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाने करायचं काय?

वृद्धाश्रमात विषाणू शिरला की काय होतं, ते अमेरिकेतल्या कर्कलंडने दाखवलं. २८ फेब्रुवारी २०२० रोजी तिथल्या एका शुश्रूषागृहातला पहिला रुग्ण पक्का झाला. १८ मार्चपर्यंत त्या एका इमारतीशी जोडलेले १६७ रुग्ण झाले होते. त्यांत १०१ तिथे राहणारे, ५० कर्मचारी आणि १६ भेटायला आलेले. राहणाऱ्यांपैकी बाधितांत दर तिघांतला एक दगावला. विषाणू पसरायचं एक कारण असं, की काही कर्मचारी एकाहून जास्त ठिकाणी काम करत होते. हे वाचून मुंबईत कुणाला नवल वाटणार नाही. ब्युरोतून येणारी मावशी सकाळी एका आजींना आंघोळ घालते, दुपारी दुसरीकडे ड्युटी करते आणि मधला प्रवास लोकलच्या डब्यात उभ्याने करते. म्हाताऱ्या माणसांनी महिनोन्‌महिने उंबरा ओलांडला नाही तरी साथ त्यांच्या खाटेपर्यंत येते ती अशी.

म्हणून माप बदलून पाहू. उपनगरात ६० जण राहतात असा एक आश्रम धरा. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के गटारात, हा नगररचनेतला नेहमीचा हिशेब. म्हणजे माणशी १०८ लिटर आणि सगळ्यांचं मिळून ६,४८० लिटर. पाण्याचा एक टँकरसुद्धा भरत नाही. मघाचेच १ कोटी विषाणू या पाण्यात सोडले, तर लिटरमागे १,५०० हून जास्त पडतात. एकच बाधित माणूस, पण वर्सोव्याच्या तोंडाशी त्याचा विषाणू १८ लिटरला एक आणि आश्रमाच्या चेंबरमध्ये लिटरला दीड हजार. फरक जवळजवळ २८ हजार पट. यंत्र तेच, रसायनं तीच, फक्त बाटली कुठे बुडवली एवढाच फरक.

उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस हा तर वृद्धाश्रमांचा जुना वैरी, आणि त्याचा हिशेब याहून चमत्कारिक आहे. अमेरिकेत स्वयंसेवकांना मुद्दाम लागण करून केलेल्या अभ्यासात, आजार भरात असताना विष्ठेच्या एका ग्रॅममध्ये ९,५०० कोटी जनुकीय प्रती निघाल्या. हा मधला आकडा, काही जणांत याच्या कितीतरी पट होत्या. तसला एक ग्रॅम वर्सोव्याच्या १८ कोटी लिटरांत मिसळला तरी लिटरमागे ५०० हून जास्त प्रती भरतात. एका माणसाच्या एका ग्रॅमने अख्ख्या पट्ट्याचं पाणी बाटवलं म्हणा ना! अशा विषाणूसाठी शहरभराचा नमुना कुचकामी ठरतो तो नेमका उलट कारणाने. लाखोंच्या वस्तीत कुणी ना कुणी आजारी असणारच, मग तिथली घंटा कायमच वाजत राहणार. कुठल्या घरात वाजते आहे हे कळायला पुन्हा त्या घराच्या चेंबरपाशीच जावं लागतं.

इमारतीचं माप घेऊन केलेला प्रयोग म्हणून अॅरिझोना विद्यापीठाचं वसतिगृह अनेकांना आठवेल. ऑगस्ट २०२० मध्ये तिथल्या लिकिन्स हॉलच्या सांडपाण्यात करोना निघाला. विद्यापीठाने तिथल्या ३११ जणांची तपासणी केली. दोघे बाधित निघाले आणि दोघांनाही काहीही होत नव्हतं. स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया भागातल्या वृद्धाश्रमांवर असाच पहारा ठेवला गेला आणि तिथेही साथ जाहीर होण्याच्या आधी पाण्याने खबर दिली.

मुंबईत हे करायचं तर प्रयोगशाळेच्या आधी चेंबरचं झाकण उघडावं लागेल आणि तिथेच पहिली अडचण. आपले कितीतरी आश्रम जुन्या बंगल्यात किंवा सोसायटीच्या एखाद्या विंगमध्ये चालतात. पाइप कुठून कुठे जातो हे आठवणीने सांगणारा प्लंबर गावी गेलेला असतो. आश्रमाचं पाणी शेजारच्या तीन इमारतींच्या पाण्यात मिसळल्यावर घेतलेला नमुना शेजाऱ्यांचीही कुंडली सांगतो. तेव्हा मिसळण्याआधीचं चेंबर शोधणं हे काम पीसीआरपेक्षा कठीण. जुलैतल्या पावसात तर झाकणाच्या फटीतून शिरलेलं पाणी सगळाच हिशेब पातळ करून टाकतं.

दुसरी अडचण वेळेची. ६० जणांच्या घरात आजारी माणूस दिवसातून एकदा संडासला जाणार. तुमची बाटली त्याच दहा मिनिटांत बुडेल याची खात्री काय? यावर तोडगा पाऊणशे वर्षांहून जुना आहे. इंग्लंडमध्ये ब्रेंडन मूर यांनी पॅराटायफॉइड पसरवणारी माणसं शोधायला गॉजची घडी दोरीला बांधून गटारात टांगून ठेवली. जे वाहून जाईल त्यातलं थोडं थोडं ती धरून ठेवायची. जिथे जंतू सापडला तिथून ते एकेक फाटा वर सरकत गेले आणि शेवटी घरापर्यंत पोचले. करोनाच्या काळात जगभर हीच घडी पुन्हा टांगली गेली. गॉज, दोरी, रबरी हातमोजे, एवढाच त्याचा सरंजाम.

खर्चाचाही अंदाज यावरून बांधता येतो. ६० जणांची आठवड्यातून दोनदा नाकातून तपासणी करायची म्हटली, तर वर्षाला ६,२४० चाचण्या. चेंबरमधली घडी आठवड्यातून दोनदा काढली, तर १०४. शिवाय विस्मरण झालेल्या आजोबांना दोघांनी धरून नाकात काडी घालायचा प्रसंग टळतो. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना या एका सोयीची किंमत सांगावी लागणार नाही.

एक भोक मात्र या सगळ्या गणितात आहे. सगळ्यात आजारी, अंथरुणाला खिळलेली माणसं डायपरमध्ये असतात आणि डायपर गटारात जात नाही, कचऱ्याच्या गाडीत जातो. म्हणजे ज्यांची काळजी सगळ्यात जास्त, तेच चेंबरच्या हिशेबात नाहीत. पण विषाणू त्यांच्यापर्यंत आपल्या पायाने चालत येत नाही. त्यांना कुशीवर वळवणारी, भरवणारी मावशी बारा तासांच्या ड्युटीत आश्रमाचंच संडास वापरते. मंगळवारी तिच्यामुळे घडीत विषाणू सापडला आणि बुधवारी सगळ्या मावशांची तपासणी झाली, तर कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजींच्या अंगात तो शिरायच्या आधी दोन-चार दिवस हाताशी राहतात. त्या दिवसांत करायचं ते कुठल्याही मेट्रनला पाठ असतं. मास्क, वेगळी पाळी, भेटी बंद. नोरोव्हायरस असेल तर सॅनिटायझरच्या बाटलीवर न विसंबता साबण आणि पाणी, कारण अल्कोहोलला तो फारसा दाद देत नाही.