टाकाऊ तूस आणि सांडपाण्यातील विष

कोंड्याचा मांडा करणे ही आपल्याकडील काटकसरी गृहिणीची जुनी ख्याती. शास्त्रज्ञांनीही गेल्या काही दशकांत असाच एक मांडा करावयास घेतला आहे. भाताचे तूस, उसाची चिपाडे, भुईमुगाची टरफले, नारळाची सोडणे यांच्या साहाय्याने कारखान्यांच्या सांडपाण्यातील जड धातू काढून घेता येतात, असे प्रयोगांती दिसून आले आहे. बेळगाव भागात भात आणि ऊस, गोव्यात नारळ. तेव्हा या मालाची आपणांस वाण नाही.

श्रोतेहो, हे विष इतर घाणीसारखे नव्हे. खरकटे वा मैला पाण्यात पडला, तर सूक्ष्म जंतू कालांतराने त्याचे विघटन करतात. शिसे, पारा, कॅडमियम ही मात्र मूलद्रव्ये होत. ती कुजून नाहीशी होत नाहीत. जपानमधील जिन्झू नदीच्या वरच्या अंगास असलेल्या कामिओका खाणीतील कॅडमियम पाण्याबरोबर भातखाचरांत उतरले आणि भातातून माणसांच्या देहात गेले. लोकांची, विशेषतः प्रौढ स्त्रियांची, हाडे ठिसूळ झाली. वेदनेच्या उद्गारावरूनच त्या रोगास 'इताई-इताई' हे नाव पडले. त्याचे मूळ कॅडमियममध्ये असल्याचे जपान सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या हजार लिटर पाण्यात या धातूचे प्रमाण ३ मिलिग्रॅमहून अधिक असू नये.

मुलामा देण्याच्या कारखान्यांतील पाण्यात चुना घालून धातूंचा साका खाली बसविण्याची रीत रूढ आहे. तरीही थोडा अंश पाण्यात उरतो. तो टिपण्याचे काम तुसाकडे सोपविता येते. वनस्पतींच्या पेशींच्या भित्तींत सेल्युलोज, लिग्निन इत्यादी द्रव्ये असतात. त्यांतील काही अम्लधर्मी गटांवर पाण्यात ऋण विद्युद्भार येतो. शिसे, कॅडमियम यांचे कण धनभारित असल्यामुळे ते तेथे चिकटून बसतात. पाणी फार आम्ल असल्यास हायड्रोजनचे कणच त्या जागा अडवितात. म्हणून सामू ५ ते ६ च्या सुमारास असलेला बरा. मुलाम्याच्या पाण्यातील क्रोमियमची तऱ्हा मात्र उलटी आहे. त्याचे कण ऋणभारित असतात आणि ते तीव्र आम्ल पाण्यातच चांगले पकडले जातात. यास्तव पाण्याची परीक्षा केल्यावाचून हा उपाय योजता येत नाही. घरच्या विहिरीच्या पाण्यावर तर अंदाजाने असा प्रयोग मुळीच करू नये.

तूस धुऊन, वाळवून, पुष्कळदा क्षाराचा वा आम्लाचा संस्कार करून नळ्यात भरतात आणि त्यातून पाणी संथपणे सोडतात. काही काळाने तुसाच्या साऱ्या जागा भरून जातात व धातू पुन्हा पाण्याबरोबर बाहेर पडू लागतो.

येथेच खरी जबाबदारी सुरू होते. तुसाने विष नष्ट केलेले नसते. पाण्यातले विष त्याने आपल्या अंगावर घेतलेले असते. ते तूस गुरांपुढे टाकले, खतात मिसळले किंवा चुलीत जाळले, तर तोच धातू दूध, धान्य, राख वा धूर यांच्या वाटेने परत येईल. सौम्य आम्लाने धुतल्यास बराचसा धातू थोड्या द्रवात सुटून येतो. तो पुन्हा उपयोगात आणता येतो व तूसही काही वेळा वापरता येते. अखेरीस मात्र त्याची विल्हेवाट घातक कचऱ्यासाठी राखलेल्या सुरक्षित जागीच लावली पाहिजे.

म्हणून हा उपाय योजणाऱ्या कारखानदारास तूस किती स्वस्त मिळाले, हे नंतर विचारावे. वापरलेले तूस जाणार कोठे, हे आधी विचारावे.