रस्त्यावरच्या आजारी माणसाला मदत कशी करावी?

परभणीचे रेल्वे स्टेशन आणि बसस्थानक या भागात रात्री उघड्यावर झोपणारी माणसे आपण सगळेच पाहतो. आम्ही काही जण मलमपट्टीची पिशवी घेऊन त्यांच्याकडे जातो. घरातून बाहेर पडलेली म्हातारी माणसे, काम संपलेले मजूर, टाकून दिलेल्या बाया, मनाच्या आजाराने भटकणारे, असे सगळे तिथे भेटतात. २०११ च्या जनगणनेत देशात साडेसतरा लाखांहून अधिक बेघर मोजले गेले. त्यातले दोन लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रातले होते.

त्यांचे आजार आपल्यासारखेच असतात: मधुमेह, रक्तदाब, टीबी, फिट, जखमा. पण गोळ्या पावसात भिजतात, पिशवी चोरीला जाते, जखम धुवायला नळ नसतो. मे महिन्यात तापलेल्या फरशीवर अनवाणी पाय भाजतात आणि मधुमेह्याला ते कळतही नाही.

कागद नसले तरी उपचार

एका आजोबांच्या पायाच्या जखमेत अळ्या झाल्या होत्या. दवाखान्याचे नाव काढले की म्हणायचे, "तिथं आधार मागतेत, माझ्याजवळ काहीच नाही." आम्ही तीन वेळा नुसते बोलून परत आलो. चौथ्यांदा त्यांनीच पाय पुढे केला. कागद नाहीत म्हणून तातडीचा उपचार अडवता येत नाही. जीव वाचवणे आधी, कायद्याच्या बाबी नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. नाव कळले नाही तर 'अनोळखी' म्हणून नोंद होते.

अळ्या दिसल्या तर रॉकेल किंवा फिनेल ओतू नका. स्वच्छ पाण्याने जखम धुवा, स्वच्छ कापडाने झाका आणि दवाखान्यात न्या. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे तिथे विचारा.

"पिलेला आहे" म्हणण्याआधी

एक जण घामाने भिजून बरळत होता. लोक हसून पुढे जात होते. आम्ही साखर तपासली, ती फार कमी झाली होती. तो शुद्धीवर होता, गिळू शकत होता, म्हणून साखरेचे पाणी पाजले. थोड्या वेळाने तो नीट बोलू लागला. साखर उतरणे, फिट, डोक्याला मार, उष्माघात, या सगळ्यांत माणूस दारू प्यायल्यासारखा दिसू शकतो. हाक मारा, खांदा हलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ऊन लागले असेल तर सावलीत नेऊन अंग ओले करा, वारा घाला.

मन हरवलेले असेल तर

दगड मारणे, बांधून ठेवणे, गावाबाहेर सोडून येणे हा गुन्हा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे अशा भटकणाऱ्या माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी नेणे ही पोलिसांची जबाबदारी आहे. सल्ल्यासाठी १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

गोळ्या कोण सांभाळणार?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पण ती महिनोन्‌महिने रोज घ्यावी लागतात. आमच्या ओळखीच्या एका काकांच्या गोळ्या स्टेशनबाहेरच्या चहावाल्या भावाने गल्ल्याशेजारच्या डब्यात ठेवल्या. सकाळी आधी गोळ्या, मग चहा. काकांचा कोर्स पूर्ण झाला. औषध सरकारने दिले, ते पोटात जाईल याची काळजी चहावाल्याने घेतली.

आपल्या विहारात एक कपाट, एक नळ आणि आठवड्यातून एक तास एवढे मिळाले तरी असे पुष्कळ जण बरे होतील.

निवाऱ्याचे मात्र नगरपालिका-महानगरपालिकेलाच विचारले पाहिजे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता, शहरातल्या एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांचा कायमचा निवारा. २०११ लाच परभणी शहर तीन लाखांच्या वर होते. म्हणजे किमान तीनशे जणांची सोय हवी. ती कुठे आहे, किती खाटांची आहे, बायांसाठी वेगळी आहे का, हे लेखी अर्ज करून विचारा. पोच घ्यायला विसरू नका.