मुदत संपलेली फिल्म

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील एका सेवकांचा निरोप समारंभ झाला. तीस वर्षे त्यांनी शाळेची घंटा दिली होती. त्या दिवशीची छायाचित्रे मोबाईलवर न काढता जुन्या कॅमेऱ्याने, खऱ्याखुऱ्या फिल्मवर काढावीत, अशी हौस आम्हांस सुचली. कपाटात एक रंगीत रोल पडून होता. त्याच्या खोक्यावर छापलेली मुदत उलटून अकरा वर्षे झाली होती, तिकडे आम्ही कानाडोळा केला. रोल धुवून आला तेव्हा पट्टीवर तपकिरी धुरकटपणापलीकडे फारसे काही दिसेना. घंटेजवळ उभे असलेले ते गृहस्थ म्हणजे एक पुसट सावली! समारंभ काही पुन्हा करता येत नाही. त्या चुकीनंतर या विषयाची जी माहिती आम्ही मिळविली, ती विद्यार्थी व पालक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

फिल्म म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर दिलेला जिलेटिनचा पातळ थर. त्या थरात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. प्रकाश पडला की त्या कणांत बदल होतो, आणि पुढे धुताना रसायनामुळे नेमके तेच कण काळे पडतात. परंतु उष्णता, दमट हवा आणि निसर्गात सर्वत्र असणारा अल्पसा किरणोत्सार हेही त्या कणांना हळूहळू चाळवीत असतात. मग प्रकाश न लागलेले कणही धुताना काळे होतात. हाच तो धुरकटपणा. उलट खऱ्या प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. रंगीत फिल्ममध्ये तीन रंगांचे थर असून ते सारख्या गतीने म्हातारे होत नाहीत; म्हणून जुन्या रोलवर माणसांचे चेहरे हिरवट वा जांभळट येतात. कृष्णधवल फिल्म, त्यातही मंद वेगाची, पुष्कळ तग धरते.

तेव्हा खोक्यावरील तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. योग्य रीतीने ठेवल्यास अमुक दिवसांपर्यंत फिल्म भरवशाची राहील, एवढेच कारखानदार सांगतो. खरा प्रश्न ती कोठे ठेवली होती, हा आहे. भारत सरकारने फिल्मचा कारखाना काढला तो उटकमंडच्या थंड डोंगरावर. १९६० साली स्थापन झालेल्या या ‘हिंदुस्तान फोटो फिल्म्स’चे ‘इंदू’ रोल एके काळी सर्वत्र मिळत. तो कारखाना आता बंद आहे. म्हणून आज कोणाच्या घरी इंदूचा रोल निघाला, तर तो मुदत संपलेलाच असणार.

थंडीचे सामर्थ्य किती असते पाहा. १८९७ साली आंद्रे नावाचा स्वीडिश संशोधक दोन सोबत्यांसह बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला. तिघेही परतले नाहीत. १९३० साली ध्रुवप्रदेशातील एका बेटावर त्यांचे अवशेष व कॅमेऱ्याची रिळे सापडली. तेहेतीस वर्षे बर्फात पडलेली ती रिळे स्टॉकहोम येथे हर्ट्झबर्ग यांनी अतिशय जपून धुतली आणि त्यांतून ९३ चित्रे हाती आली!

आमचे बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असून त्यास गरिबांचे महाबळेश्वर म्हणतात. तथापि येथला पावसाळा फिल्मचा वैरीच. (समुद्रकाठच्या आमच्या आजोळी तर आषाढात चामड्याच्या चपलांनाही बुरशी येई.) म्हणून रोल मूळ बंद वेष्टनासह घट्ट झाकणाच्या डब्यात घालून शीतपेटीत ठेवावा, अनेक वर्षे ठेवावयाचा असल्यास बर्फाच्या कप्प्यात. मात्र बाहेर काढताच वेष्टन फोडू नये. गार पाण्याच्या तांब्यावर दव जमते, तसे ते फिल्मवरही जमते. दोन-तीन तास, बर्फातून काढला असल्यास त्याहून अधिक वेळ, रोल तसाच राहू द्यावा. कपड्यांच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांशेजारी तर तो कधीच ठेवू नये. त्यांची वाफ फिल्मला बाधते.

जुनी फिल्म वापरावयाचीच असेल, तर तिला प्रकाश अधिक द्यावा. साध्या हवेत पडून राहिलेल्या रंगीत निगेटिव्ह फिल्मला मुदतीनंतरच्या दर दहा वर्षांमागे दुप्पट प्रकाश, असा छायाचित्रकारांचा ठोकताळा आहे. म्हणजे १०० वेगाची फिल्म दहा वर्षांनी ५० ची समजावी, वीस वर्षांनी २५ ची. हा अंदाज आहे, नियम नव्हे. आणि पारदर्शिकेच्या फिल्मला तो लागू नाही. ‘आग्फा क्लिक थ्री’सारख्या साध्या कॅमेऱ्यात प्रकाश कमीजास्त करण्यास फारसा वाव नसतो, तेथे भर उन्हातच चित्र घ्यावे. झाडे, देवळाची पायरी, रविवारचा बाजार यांवर हौस भागवावी. लग्नमुंजीस मात्र ताजा रोलच घ्यावा.

फोटो काढून झालेल्या रोलची गोष्ट निराळी. त्यावरील अदृश्य प्रतिमा दिवसेंदिवस विरत जाते, तो लवकर धुतलाच पाहिजे. शिवाय धुण्याची सोयही कायम राहतेच असे नाही. कोडाक्रोम या प्रख्यात फिल्मची रंगीत धुलाई २०१० साली जगभर थांबली.

गेल्या वर्षी नववीतील एका विद्यार्थिनीने आजोबांच्या ट्रंकेतून निघालेला इंदूचा रोल आणून दिला. फोटो काढलेला, पण न धुतलेला. प्रयोगशाळेशेजारच्या अंधाऱ्या खोलीत आम्ही तो धुतला. बारांपैकी तीन चित्रे कशीबशी उमटली. एकात त्यांच्या टिळकवाडीतील घराचे फाटक स्पष्ट ओळखू येते. फाटकाशी एक बाई कडेवर मूल घेऊन उभ्या आहेत. त्या कोण, हे सांगणारे आता त्या घरात कोणी उरलेले नाही.