नोटीस दारावर, दलाल दारात

घरकर्जाचे हप्ते थकले, बँकेची नोटीस दाराला चिकटली आणि जिन्यात शेजारी भेटला तरी नजर चुकवावीशी वाटू लागली, अशा दिवसांत जो गृहस्थ काखेत फाईल मारून येतो आणि ‘लिलाव आम्ही थांबवतो, तुम्ही निर्धास्त राहा’ असे आश्वासन देतो, तो साक्षात देवदूत भासावा यात नवल नाही. आपली अडचण त्याला कळली कशी, हा प्रश्न मात्र त्या घटकेला कोणाला सुचत नाही. ताब्याची नोटीस दोन वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतल्या, प्रसिद्ध करण्याचे बंधन बँकेवर असते आणि तीत कर्जदाराचे नाव, थकबाकीचा आकडा, मिळकतीचे वर्णन असे सारेच छापलेले असते; तेवढे वाचता आले की दलालाचे भांडवल उभे राहिले.

या मंडळींचा सारा व्यापार एका समजुतीवर चालतो, आणि ती म्हणजे नोटीस आली की घर गेलेच. २००२ च्या सरफेसी कायद्याने कोर्टाची पायरी न चढता तारण मिळकत ताब्यात घेण्याची मुभा बँकेला दिली हे खरे. पण त्या अधिकाराला मुदतींची वेसणही घातली. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकल्याशिवाय खाते अनुत्पादक ठरत नाही. ठरल्यावर येणारी पहिली नोटीस ६० दिवसांची असते. त्या अवधीत कर्जदाराने लेखी हरकत घेतली आणि ती बँकेला मान्य नसली, तर १५ दिवसांत कारणांसह तसे कळवणे तिला भाग असते. दलाल जो अवधी विकायला आणतो, तो कायद्याने कर्जदाराच्या पदरात फुकट टाकलेलाच असतो. उलट हे मौल्यवान दिवस ‘तुम्ही बँकेत जाऊ नका, फोन उचलू नका, आम्ही बघतो’ या सल्ल्यात तो खाऊन टाकतो, आणि माझ्या मते त्याची खरी चोरी ती हीच. फीची रक्कम ही वरकड.

बँकाही निर्दोष आहेत असे नव्हे. नोटिशीची भाषा अशी दुर्बोध ठेवायची की पदवीधरालाही ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागावी, आणि मग तो ‘दुसरा’ कोण निघाला याबद्दल हळहळायचे, याला काय म्हणावे?

अलीकडे या धंद्यात कर्जमाफीचे प्रमाणपत्र निघाले आहे. जाड कागद, गोल शिक्का, कायद्याची दोनचार कलमे आणि तळाशी ऐटबाज स्वाक्षरी असा त्याचा थाट असतो. ते बँकेत दाखवले की कर्ज फिटले, असे सांगून ‘सेवाशुल्क’ वा ‘कायदेशीर शुल्क’ उकळले जाते. असले प्रमाणपत्र देण्याचा कसलाही अधिकार ते वाटणाऱ्यांना नाही, असा जाहीर इशारा ११ डिसेंबर २०२३ रोजी खुद्द रिझर्व्ह बँकेने दिला. कर्जात सूट द्यायची ती कर्ज देणाऱ्यानेच. एकरकमी तडजोडीचा अर्ज करायचा तो थेट शाखेत, आणि त्याची पोच शिक्क्यानिशी हातात घ्यायची.

सहकारी बँकेला सरफेसी लागू नाही, ही आपल्याकडची आणखी एक लाडकी समजूत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तिचा कायमचा निकाल लावला.

सर्वांत घातक प्रस्ताव मात्र गोड शब्दांत येतो: ‘घर तात्पुरते आमच्या नावावर करा, कुलमुखत्यारपत्र द्या, भाडेकरू म्हणून तिथेच राहा, सवड झाली की परत घ्या.’ पहिली नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी पूर्वसंमतीवाचून ती मिळकत विकता येत नाही किंवा भाड्यानेही देता येत नाही, असे याच कायद्याचे १३ वे कलम बजावते. तेव्हा त्या कागदाने बँकेचा बोजा तसूभरही हलत नाही. सही करणारा तेवढा नव्या झगड्यात अडकतो.

‘दिवाणी कोर्टातून स्टे आणून देतो’ ही वल्गनाही तशीच पोकळ, कारण या बाबतीत दिवाणी न्यायालयाचे दार ३४ व्या कलमाने बंद केलेले आहे. दाद मागायची ती कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे, ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत. तिथे आधी थकबाकीच्या ७५ टक्के रक्कम भरावी लागते असे अजूनही ऐकू येते; ती अट सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच रद्द केली. वकिलाची ऐपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रियांना तर तेथे उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळू शकतो.

हातोडा पडेपर्यंत पैसे भरून घर सोडवता येते, असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि दलाल त्यांना त्याच भरवशावर झुलवत ठेवतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच उरतो. त्यानंतर पै न् पै घेऊन गेलात तरी ती स्वीकारण्याचे बंधन बँकेवर नाही. म्हणून नोटीस हाती पडताच तिच्यावरील तारीख आधी पाहा, आणि फाईलवाल्याला दारातूनच निरोप द्या.